डोंगरातील पायवाट राखा, माती राखा

पावसाळा ओसरू लागला की छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचे औरंगाबाद) जिल्ह्याच्या उत्तरेकडील डोंगरांत माणसांची वर्दळ वाढते. गवताचे भारे घेऊन उतरणाऱ्या स्त्रिया, गुरांमागे फिरणारे गुराखी, सीताफळांच्या पाट्या डोक्यावर घेऊन बाजार गाठणारी कुटुंबे, देवदर्शनास निघालेले भाविक आणि लेणी व धबधबे पाहण्यासाठी शहरातून आलेले प्रवासी या सर्वांचा भार एकाच गोष्टीवर पडतो. ती गोष्ट म्हणजे डोंगरातील पायवाट होय. शेताच्या बांधाची, विहिरीची आणि नाल्यातील बंधाऱ्याची चिंता गाव करते. पायवाटेची चिंता मात्र सहसा कोणी करीत नाही. ती सर्वांची असल्यामुळे कोणाचीच राहत नाही.

या दुर्लक्षाची किंमत थोडी नाही. नीट न आखलेली पायवाट चारदोन पावसाळ्यांत ओघळ बनते, ओघळीची घळ होते आणि त्या घळीतून रानाची माती वाहून खालच्या शेतात, बागेत व बंधाऱ्यात येऊन पडते. वर रान उघडे पडते, खाली बागेची मुळे उघडी पडतात किंवा गाळात दडपतात, आणि बंधारा पाण्याऐवजी मातीने भरतो. याउलट विचारपूर्वक आखलेली वाट पाणी अडवीत नाही, वाहवीतही नाही. ते बाजूच्या गवतात सोडून देते. म्हणून पायवाटेची निगा हा मृदसंधारणाचाच भाग समजला पाहिजे.

डोंगर आणि जुन्या वाटा

सातमाळा आणि अजिंठा या नावांनी ओळखली जाणारी ही डोंगररांग मोठे पाणलोट विभागते. अजिंठ्याच्या दरीतून वाहणारी वाघूर नदी उत्तरेस तापीच्या खोऱ्यात जाते. कन्नडकडील शिवना दक्षिणेस उतरून गोदावरीला मिळते. त्यामुळे माथ्यावर सुटलेली माती एका अंगाने खानदेशात जाते आणि दुसऱ्या अंगाने पैठणच्या नाथसागराकडे. या डोंगरांचा खडक म्हणजे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्यापासून झालेला काळा बेसॉल्ट. त्यात कठीण थर व ठिसूळ थर एकावर एक रचलेले आहेत. ठिसूळ थर झिजतो, वरचा कठीण थर कड्यासारखा उभा राहतो आणि त्याच्या पायथ्याशी मुरुमाचा उतार तयार होतो. या उतारावर मातीचा थर पातळ असतो. एकदा तो गेला की एका शेतकऱ्याच्या आयुष्यात पुन्हा तयार होत नाही.

या डोंगरांतील वाटा मात्र फार प्राचीन आहेत. कन्नड तालुक्यातील पितळखोरे येथील लेणी इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या शतकाच्या सुमारास कोरण्यास प्रारंभ झाला. तेथील खांबांवरील लेखांत प्रतिष्ठान, म्हणजे आजचे पैठण, येथील दात्यांचा उल्लेख येतो. सुगंधी द्रव्यांचा व्यापार करणारा मितदेव हा त्यांपैकी एक. पैठणचा व्यापारी या निर्जन दरीत दान देतो, यावरून गोदाकाठाला खानदेशाशी जोडणारी वाट येथून जवळच जात असली पाहिजे, हे स्पष्ट होते. अंतूर किल्ल्याच्या परिसरात वाटसरूंना निरनिराळ्या गावांची दिशा सांगणारा फारसी लेखाचा दगडी खांब आहे. तो निजामशाहीच्या काळातला. वाटेवर खूण उभारणे हे राज्यकर्त्याचे कर्तव्य आहे, ही जाणीव त्या काळीही होती.

डोंगराच्या खानदेशाकडील अंगाला, चाळीसगावजवळच्या पाटण येथे, बाराव्या शतकातील गणिती भास्कराचार्य यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांचा नातू चांगदेव याने मठ स्थापन केला. त्याची नोंद करणारा इसवी सन १२०७ चा शिलालेख तेथे सापडला आहे. आजही पाटणादेवीकडून पितळखोऱ्याकडे डोंगर चढून येणारी पायवाट हौशी पदयात्रींना परिचित आहे. याच भागात १९८६ साली गौताळा औट्रमघाट अभयारण्य घोषित झाले. त्याचे क्षेत्र सुमारे २६० चौरस किलोमीटर असून ते छत्रपती संभाजीनगर व जळगाव या दोन जिल्ह्यांत पसरलेले आहे. साग, धावडा, सालई, अंजन, खैर, पळस आणि टेंभुर्णी हे येथील पानझडी रानातले प्रमुख वृक्ष होत. उन्हाळ्यात पाने झडलेले हे रान पहिल्या दोन पावसांत हिरवे होते. परंतु पहिले जोरदार पाऊस पडतात तेव्हा जमिनीवर गवताचे आच्छादन नसते, आणि नेमक्या त्याच वेळी पायवाटांची धूप सर्वांत अधिक होते.

वाटेची घळ कशी होते

पायांखाली सतत तुडविलेली जमीन घट्ट होते. तिच्यावर गवत उगवत नाही आणि पाणी मुरत नाही. अशी वाट सरळ उताराने गेली असेल, तर ती छपराच्या पन्हाळीसारखे काम करते. याचा हिशेब प्रत्येक शेतकऱ्याला करून पाहता येईल. एक किलोमीटर लांब व एक मीटर रुंद वाटेवर ५० मिलीमीटर पाऊस पडला, तर केवळ त्या वाटेवरच ५०,००० लिटर पाणी पडते. आजूबाजूच्या उताराचे पाणी त्यात येऊन मिळते ते वेगळेच. हे सर्व पाणी एकाच रेषेत धावू लागले की त्याचा वेग वाढतो, आणि वेग वाढला की माती उचलण्याची त्याची शक्ती कितीतरी पटींनी वाढते.

आता मातीचा हिशेब पाहावा. शंभर मीटर लांबीच्या आणि एक मीटर रुंदीच्या वाटेवर केवळ ३० सेंटीमीटर खोल ओघळ पडली, तर ३० घनमीटर माती गेली. बांधकामाच्या भाषेत ही सुमारे साडेदहा ब्रास माती होय. जिल्ह्याच्या सरासरी पावसाचे मान वर्षाला सातशे मिलीमीटरच्या आसपास असले, तरी त्यातील मोठा भाग मोजक्या जोरदार सरींत पडतो. एखाद्या तासात झालेली हानी वर्षभराच्या श्रमाने भरून येत नाही.

याहूनही सूक्ष्म असे दुसरे कारण आहे. वाटेत ओघळ पडली, दगड उघडे झाले, चिखल झाला की माणूस बाजूने चालू लागतो. बाजूची जमीनही तुडवली जाते व तेथे दुसरी वाट पडते. वळणाची वाट टाळून सरळ उतरण्याचा मोह सर्वांनाच होतो. अशा आडवाटा एकदा पडल्या की त्यांतूनच पाणी धावते आणि दोन वळणांमधील सारा उतार ढासळतो. वेरूळच्या डोंगरावर, म्हैसमाळच्या उतारावर किंवा गौताळ्यातील धबधब्यांच्या वाटांवर अशा आडवाटा जेथे दिसतील, तेथे त्या प्रथम बंद करणे अगत्याचे आहे.

वाट कशी आखावी

पहिला नियम असा की वाट उताराला आडवी असावी, उभी नसावी. डोंगराचा उतार जेवढा असेल, त्याच्या निम्म्याहून अधिक चढ वाटेला कधीही देऊ नये. नाहीतर पाणी वाट ओलांडून खाली जाण्याऐवजी वाटेनेच धावते. सर्वसाधारणपणे दहा फूट अंतरात एक फूट चढ ठेवल्यास म्हातारा माणूसही सुखाने चढतो आणि डोक्यावर पाटी असलेल्या बाईचा तोल जात नाही. चढ मोजण्यासाठी महाग उपकरणांची गरज नाही. पाणलोटाच्या कामात वापरली जाणारी पाण्याची पारदर्शक नळी, जिला गावोगावी हायड्रोमार्कर म्हणतात, ती पुरेशी आहे. तीही नसेल तर तीन काठ्यांची इंग्रजी ए अक्षरासारखी चौकट बांधून तिला ओळंबा लावावा. समपातळी रेषा त्यानेही अचूक मिळते.

दुसरा नियम पाणी काढण्याचा. वाटेची रुंदी दोन ते तीन फूट पुरे. तिचा पृष्ठभाग दरीच्या बाजूला किंचित कलता ठेवावा. तीन फुटांस सुमारे दोन इंच कल पुरेसा होतो. वाटेच्या दरीकडील कडेला मातीचा वरंबा साचू देऊ नये, कारण त्यामुळे पाणी वाटेतच कोंडले जाते. लांबच लांब एकसारखा चढ न देता मधूनमधून वाट थोडी खाली उतरवून पुन्हा चढवावी. अशा प्रत्येक खोलगट जागी पाणी आपोआप बाहेर पडते. चढ मोठा असेल तेथे दर १५ मीटरला, आणि कमी असेल तेथे दर ३० मीटरला, अशी जागा असावी.

जुन्या वाटेला नवे वळण देणे शक्य नसेल, तर तिच्यावर दगडांच्या तिरप्या आडी घालाव्यात. त्यासाठी मोठे, चपटे दगड निवडून त्यांचा दोनतृतीयांश भाग जमिनीत गाडावा आणि त्यांची ओळ वाटेशी काटकोनात न ठेवता तिरपी ठेवावी. काटकोनातील आडीमागे गाळ साचतो व पुढच्या पावसात पाणी तिच्यावरून उडी घेऊन खालची माती खणते. तिरप्या आडीवरून पाणी बाजूला सरते. ते जेथे बाहेर पडेल तेथे दगड पसरून वाळा किंवा स्थानिक गवताचे ठोंब लावावेत, म्हणजे तेथे नवी ओघळ पडणार नाही. अगदी उभ्या जागी कोरड्या दगडांच्या पायऱ्या कराव्यात. सिमेंटच्या गुळगुळीत उतारापेक्षा या पायऱ्या स्वस्त पडतात, पावसात कमी निसरड्या होतात आणि गावातील गवंड्याला सहज करता येतात.

तिसरा नियम आडवाटा बंद करण्याचा. केवळ फलक लावून हे साधत नाही. आडवाटेच्या दोन्ही तोंडांशी काटेरी फांद्या व दगड टाकावेत, मधल्या पट्ट्यात समपातळीत लहान लहान दगडी ताली रचाव्यात आणि पाऊस पडताच गवताचे बी टाकावे. वरच्या तोंडाशी वाट दिसेनाशी झाली, म्हणजे माणूस आपोआप मूळ वाटेने जातो.

ओढे आणि घळी ओलांडताना

या डोंगरांतील सौंदर्य घळींतच साठलेले आहे. अजिंठ्याची तीस लेणी वाघूरच्या नालाकृती दरीच्या कड्यात कोरलेली आहेत. २८ एप्रिल १८१९ रोजी जॉन स्मिथ या मद्रास घोडदळाच्या अधिकाऱ्याच्या दृष्टीस ती पडली आणि बाहेरच्या जगाला त्यांची ओळख झाली. वेरूळच्या चौतीस लेण्यांच्या माथ्यावरून येणारा प्रवाह पावसाळ्यात एकोणतिसाव्या लेण्यापाशी धबधब्याच्या रूपाने कोसळतो. पितळखोऱ्यास पायऱ्यांनी खोल दरीत उतरावे लागते आणि तेथेही प्रवाह पावसाळ्यात जोमाने वाहतो.

परंतु जेथे सौंदर्य तेथेच धोका असतो. घळीच्या तळाशी उभ्या असलेल्या माणसाला आपल्या डोक्यावरील आकाश निरभ्र दिसते. त्याच वेळी दोन कोस वर माथ्यावर ढग फुटलेला असू शकतो. काळ्या खडकाच्या उघड्या उतारावरून पाणी मुरत नाही, ते थोड्याच वेळात खाली येते. पाणी एकाएकी गढूळ होणे, त्यातून पाने व काटक्या वाहत येणे आणि वरच्या अंगाने घरघर ऐकू येणे या तीन खुणा गुराख्यांना ठाऊक असतात. त्या प्रवाशांनाही ठाऊक व्हाव्यात म्हणून घळीच्या तोंडाशी मोठ्या अक्षरांत लिहून ठेवाव्यात. ३१ ऑगस्ट २०२१ रोजी झालेल्या अतिवृष्टीत कन्नड घाटात दरडी कोसळून चाळीसगावकडील वाहतूक बंद पडली होती. यंत्रांनी बांधलेल्या रस्त्याची ही गत होत असेल, तर साध्या पायवाटेबद्दल किती सावध राहावे लागेल, हे सांगणे नको.

ओढा ओलांडण्याची जागा रुंद व उथळ असावी. वळणाच्या बाहेरच्या अंगाला काठ तुटत असतो, म्हणून तेथे वाट उतरवू नये. पाऊल टाकण्यासाठी ठेवलेले दगड पुराच्या प्रवाहाला अडथळा होणार नाहीत इतके सुटे ठेवावेत. कड्यांना आग्या मोहोळांची पोळी लटकलेली असतात. अशा ठिकाणी धूर, दगडफेक व उग्र सुगंधी द्रव्ये यांपासून दूर राहण्याची सूचना प्रत्येक वाटाड्याने आरंभीच दिली पाहिजे.

बागेतून जाणारी वाट

रान संपले की डोंगराच्या पायथ्याशी बागा लागतात. दौलताबाद व खुलताबादच्या परिसरातील सीताफळांची ख्याती जुनी आहे. हे झाड हलक्या, मुरमाड जमिनीत येते, थोड्या पाण्यावर तग धरते आणि त्याची पाने गुरे व शेळ्या सहसा खात नाहीत. त्यामुळे वाटेच्या कडेला लावण्यास याहून सोयीचे फळझाड क्वचितच आढळेल. बाळानगर, धारूर-६ आणि फुले पुरंदर हे लागवडीखालील परिचित वाण आहेत. छत्रपती संभाजीनगर येथील हिमायतबागेत वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाचे फळ संशोधन केंद्र असून कलमे व लागवड यांविषयी तेथे चौकशी करता येते.

तथापि बागेतून वाट गेली की तंटा सुरू होतो. प्रवासी फळे तोडतात, कुंपण वाकवतात, कचरा टाकतात. बागाईतदाराचा संयम संपतो आणि तो एके दिवशी वाटेवर काटे टाकतो. परंतु त्याच वाटेने वरच्या शेतकऱ्याची बैलजोडी जात असते. प्रवासी एक दिवस परत फिरतो. शेजाऱ्याचा मात्र हंगाम अडतो. म्हणून या प्रश्नाचे दोन भाग करून पाहिले पाहिजेत.

शेतकऱ्याच्या वहिवाटीच्या वाटेला कायद्याचे संरक्षण आहे. गावनकाशावर पायवाट एका तुटक रेषेने व गाडीवाट दुहेरी तुटक रेषेने दाखविलेली असते. तो नकाशा प्रथम पाहावा. शेतजमिनीकडे जाणारी वहिवाटीची वाट कोणी अडवली, तर मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ याच्या कलम ५ खाली अडथळा झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत तहसीलदाराकडे दाद मागता येते. शेताला वाटच नसेल, तर महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ याच्या कलम १४३ अन्वये शेजारच्या भूमापन क्रमांकांच्या हद्दीवरून वाटेचा हक्क तहसीलदार चौकशीअंती ठरवू शकतात. हा निर्णय ज्याला मान्य नसेल त्याला एक वर्षाच्या आत दिवाणी दावा करता येतो. मुदत टळू देऊ नये, आणि शक्यतो तंटा ग्रामपंचायतीतच समजुतीने मिटवावा.

प्रवाशाची गोष्ट वेगळी आहे. वरील तरतुदींच्या आधारे त्याला कोणाच्याही बागेत शिरण्याचा हक्क मिळत नाही. तो मालकाच्या संमतीने येतो व त्याने पाहुण्यासारखे वागले पाहिजे. बागाईतदारानेही त्याला शत्रू न समजता त्याच्या येण्याचा लाभ करून घ्यावा. वाट बागेच्या मधून न नेता कडेच्या बांधावरून न्यावी, तिच्या बागेकडील अंगाला करवंद किंवा घायपाताचे जिवंत कुंपण करावे आणि वाटेच्या तोंडाशी फळांची विक्री ठेवावी. सीताफळ झाडावरून काढल्यावर थोड्याच दिवसांत मऊ पडते. लांबच्या बाजारात पाठविताना त्याची नासाडी होते. तेच फळ पायथ्याशी ताजे विकले गेले तर अडत, हमाली व वाहतूक वाचते. राज्य शासनाने २०२० साली कृषी पर्यटन धोरण मंजूर केले आहे; ज्यांना निवास व भोजनाची सोय करावयाची असेल त्यांनी पर्यटन संचालनालयाकडे नोंदणीची माहिती घ्यावी.

अभयारण्यातील शिस्त

गौताळ्यात शिरणारा प्रत्येक जण वन्य प्राण्यांच्या घरात शिरत असतो. बिबट्या, अस्वल, लांडगा, नीलगाय, चिंकारा आणि मोर यांचा येथे वास आहे. २०२१ च्या मार्च महिन्यात यवतमाळ जिल्ह्यातील टिपेश्वर अभयारण्यातून आलेल्या वाघाची नोंद येथील कॅमेऱ्यात झाली. डोंगररांगा व झाडीचे पट्टे अजून एकमेकांना जोडलेले आहेत, याचाच हा पुरावा होय.

वन्य जीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ प्रमाणे अभयारण्यात प्रवासासाठी परवानगी लागते. ठरलेली वाट सोडू नये, सूर्यास्तापूर्वी बाहेर पडावे, विस्तव पेटवू नये. वन विभाग १५ फेब्रुवारी ते १५ जून हा वणव्याचा हंगाम मानतो. या काळात एका विडीचे थोटूक शेकडो एकर गवत जाळू शकते. आणि जळालेल्या उतारावर जूनचा पाऊस पडला की वर सांगितलेली धूप कितीतरी वाढते. दुसऱ्या बाजूने, भारतीय वन अधिनियम, १९२७ याच्या कलम २५ अन्वये राखीव जंगलातील वाट पूर्वमंजुरीने बंद करता येते, परंतु तिच्याऐवजी सोयीची दुसरी वाट अस्तित्वात असावी लागते किंवा द्यावी लागते. गावकऱ्यांनी ही तरतूद ध्यानात ठेवून वन अधिकाऱ्यांशी सामोपचाराने बोलावे. ग्राम परिस्थितिकीय विकास समिती जेथे असेल तेथे वाटांची निगा व वाटाड्यांची निवड हे विषय तिच्यापुढे मांडावेत.

दूरच्या बेटांचा धडा

हेच प्रश्न जगाच्या दुसऱ्या टोकालाही आहेत. प्रशांत महासागरातील हवाई बेटे आपल्या डोंगरांप्रमाणेच लाव्ह्याच्या काळ्या खडकाची आहेत. तेथेही माथ्यावर रान, उतारावर फळबागा आणि मधून पाण्याने कापलेल्या खोल घळी आहेत. त्यांतून जाणाऱ्या जुन्या वाटांचे महत्त्व ओळखून तेथे १८९२ च्या कायद्याने त्या वेळी अस्तित्वात असलेल्या वाटा सार्वजनिक ठरविण्यात आल्या, आणि १९८८ पासून ‘ना आला हेले’ नावाचा राज्याचा उपक्रम पायवाटांची नोंद व निगा पाहतो. वाट कोणाची, हे आधी ठरले की तिची निगा कोणी राखावयाची, हेही ठरते.

तेथील दोन अनुभव आपल्या कामाचे आहेत. ९ मे १९९९ रोजी ओआहू बेटावरील ‘सेक्रेड फॉल्स’ या धबधब्याच्या अरुंद घळीत दरड कोसळून आठ जणांचा मृत्यू झाला. तेव्हापासून ती वाट लोकांसाठी बंद आहे. धोक्याची वाट कितीही लोकप्रिय असली, तरी ती बंद करण्याचे धैर्य दाखवावे लागते. दुसरा अनुभव वनस्पतींच्या रोगाचा. ओहिया हा तेथील मूळ रानाचा प्रमुख वृक्ष २०१४ साली ओळखल्या गेलेल्या बुरशीजन्य रोगाने मोठ्या प्रमाणावर मरत आहे. ही बुरशी बुटांना चिकटलेल्या मातीतूनही पसरू शकते, म्हणून वाटांच्या तोंडाशी बूट घासण्यासाठी ब्रश ठेवलेले असतात. आपल्याकडे गाजरगवताचे बी चिखलाबरोबर याच रीतीने रानात व बागेत शिरते. वाटेच्या तोंडाशी एक फरशी, एक जुना ब्रश आणि पाण्याचे भांडे ठेवण्यास गावाला कितीसा खर्च येणार आहे?

गावाने काय करावे

हे काम एका दिवसाचे नाही, पण अवघडही नाही. एप्रिलमध्ये गावातील जाणते गुराखी, बागाईतदार, वनरक्षक आणि ग्रामपातळीवरील कार्यकर्ता यांनी मिळून वाट पायी फिरून पाहावी. कोठे ओघळ आहे, कोठे आडवाट आहे, पाणी कोठून येते व कोठे जाते, हे कागदावर टिपावे. मे महिन्यात आडी, ताली व पायऱ्या यांची कामे करावीत. ती रोजगार हमीच्या आराखड्यात बसविता येतात काय, हे आधीच विचारून घ्यावे. अभयारण्याच्या हद्दीत एक दगडही वन विभागाच्या संमतीशिवाय हलवू नये. जूनमध्ये पहिल्या मोठ्या पावसात कोणीतरी एकाने इरले घेऊन वाटेवर जावे. पाणी कोठे धावते हे त्या एका तासात जितके कळते, तितके वर्षभरच्या चर्चेत कळत नाही. जुलै-ऑगस्टमध्ये गवताचे ठोंब व झाडे लावावीत, आणि सीताफळांचा हंगाम सुरू होण्यापूर्वी पाण्याची तोंडे कुदळीने मोकळी करावीत. ओघळ बोटभर असते तोवर ती एका कुदळीने बुजते. ती कमरेएवढी झाली की शासनाच्या योजनेची वाट पाहावी लागते.

पितळखोऱ्यास दान देणारा पैठणचा व्यापारी ज्या डोंगरातून गेला, त्याच डोंगरातून आज सीताफळांची पाटी घेतलेली बाई उतरते आणि शहरातील मुलगा पाठीवर पिशवी अडकवून चढतो. दोन हजार वर्षे माणसांच्या उपयोगी पडलेल्या या डोंगराची माती आपल्या एका पिढीच्या हयगयीने वाहून जाऊ नये. बांधावर खर्च केलेला दिवस वाया गेला असे कोणताही शेतकरी मानीत नाही. वर्षातील असाच एक दिवस वाटेलाही द्यावा. तिच्या वर रान आहे आणि तिच्या खाली आपलेच शेत आहे.